नाव ठाऊक, पत्ता हरवला!
(ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर इंटरनेट का अडते? एक पाठ)





मी विज्ञान शिकवणारा माणूस, संगणकतज्ज्ञ नव्हे. शिवाय माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे मराठीत लिहिताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्यावे. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या संगणक कक्षात जे घडले, त्यातून मी स्वतः एक धडा शिकलो. तो आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून या अंकात नेहमीच्या 'प्राचार्यांचे मनोगत' ऐवजी हा पाठ देत आहे.

काय घडले?

आपल्या कक्षातील आठही संगणकांवर युबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्या २०.०४ या आवृत्तीची नेहमीची विनामूल्य देखभाल मे २०२५ मध्ये संपली. देखभाल संपलेली प्रणाली वापरणे म्हणजे कडी नसलेल्या दाराच्या घरात झोपणे. म्हणून सुट्टीत आम्ही टप्प्याटप्प्याने २४.०४ या आवृत्तीवर आलो. सगळे सुरळीत झाले असे वाटले.

शाळा उघडली त्या दिवशी पाहतो तर सात संगणकांवर एकही वेबसाईट उघडेना. फक्त आठवा संगणक चालू. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला चार दिवस उरलेले. बाहेरून एका कारागिराला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि निदान सांगितले, "सर, सब फॉर्मेट करना पड़ेगा. दो घंटे का काम है."

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझ्या आजीचं रेकॉर्डिंग याच कॉम्प्युटरमध्ये आहे."

आपल्याला आठवत असेल, मागच्या सत्रात आठवी-नववीच्या मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, पदार्थांच्या कृती असे बरेच काही ध्वनिमुद्रित केले होते. पिढ्यान्‌पिढ्या बुऱ्हाणपुरात राहून निमाडी वळणाची झालेली आपली मराठी त्यात आहे. त्या मुलीची आजी श्रावणात वारली. आणि त्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती काढून ठेवणे माझे काम होते, ते मी केले नव्हते.

फॉर्मेट थांबवले. आमच्या संगणकाच्या बाईंनी मुलांना सांगितले, "नक्की काय बंद आहे ते आधी शोधा." अर्ध्या तासात मुलांनी शोधले. इंटरनेट बंद नव्हतेच! क्रमांक टाकला तर उत्तर येत होते. नाव टाकले तर येत नव्हते. एवढ्या एका वाक्यात सगळे निदान आहे. ते नीट समजून घेऊ.

नाव आणि पत्ता

आपल्या राजपुऱ्यात एखाद्या जुन्या माणसाला घराण्याचे नाव सांगा, तो थेट दारापर्यंत नेऊन सोडेल. पण सामान पोहोचवायला आलेला नवा मुलगा काय करतो? नाक्यावर उभा राहून कोणाला तरी विचारतो. समजा, विचारायला कोणी भेटलेच नाही. रस्ता ठीक आहे, मोटारसायकल ठीक आहे, पार्सल ठीक आहे, तरी तो नाक्यावरच उभा राहील. आणि भलत्याच माणसाला विचारले तर भलत्याच घरी जाईल.

संगणक तो नवा मुलगा आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला क्रमांकांचा पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात, उदाहरणार्थ ८.८.८.८. आपण मात्र नाव टाईप करतो. त्या नावाचा क्रमांक शोधून देणाऱ्या व्यवस्थेचे नाव आहे डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. नाव सांगून पत्ता मिळवणे, एवढेच तिचे काम. पण ते अडले की सारे अडते.

एका फाईलीपासून जगभर

सुरुवातीला ही व्यवस्था नव्हती. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर मोजकी यंत्रे होती, तेव्हा सगळ्यांची नावे आणि क्रमांक एकाच फाईलमध्ये लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या केंद्रात ती यादी सांभाळली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही एक यादी पुरेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. त्याचे तत्त्व असे: सगळी यादी एकाकडे नको, प्रत्येकाने आपापल्या मोहल्ल्याची यादी ठेवावी आणि विचारणाऱ्याला पुढची वाट दाखवावी.

आपण शिष्यवृत्तीच्या 'स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन' या नावाचा पत्ता विचारला, तर शोध उजवीकडून सुरू होतो. प्रथम मूळ सर्व्हर, ज्यांना रूट म्हणतात. त्यांची नावे तेरा आहेत, पण प्रती जगभर, आपल्या देशातही आहेत. रूट सांगतो, 'डॉट इन'वाल्यांना विचारा. ते पुढच्याचा पत्ता देतात. असे करत शेवटी खरा क्रमांक मिळतो. ही सारी धावपळ आपला संगणक करत नाही. तो फक्त एका ठरलेल्या सर्व्हरला विचारतो आणि तो सर्व्हर धावपळ करून उत्तर आणतो. मिळालेले उत्तर काही काळ लक्षातही ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा धावायला नको.

मुलांना एक गोष्ट आवडेल. भारताचे 'डॉट इन' हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले आणि आरंभीची वर्षे त्याची वही मुंबईत, एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत सांभाळली जात होती. २००५ पासून ते काम निक्सी ही संस्था पाहते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतले 'डॉट भारत' सुरू झाले, त्यात मराठीही आली. म्हणजे वेबसाईटचे नाव आता आपल्या लिपीतही असू शकते.

आणि हो, डीएनएस बिघडते ते फक्त आपल्यासारख्या छोट्या शाळेत, असे समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले आणि त्यांचे नाव सांगणारे सर्व्हरच इंटरनेटवरून दिसेनासे झाले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या संगणक-सेवेत मोठा खोळंबा झाला. त्याच्याही मुळाशी एका सेवेच्या नावापुढचा पत्ता कोरा राहणे, हेच होते.

कुंडी-कुंडीने शोध

बिघाड कसा शोधावा, हे बुऱ्हाणपूरकराला बाहेरच्याने शिकवायला नको. आपला कुंडी भंडारा पाहा. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले. वर शंभराहून अधिक कुंड्या, खाली एकच वाहती वाट. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत त्याचे नाव आले. आता विचार करा, शेवटच्या टोकाला पाणी आले नाही तर काय कराल? सगळा बोगदा खणाल? नाही. एकेका कुंडीत डोकावून पाहाल. ज्या कुंडीपर्यंत पाणी आहे तिच्या पुढे बिघाड. फॉर्मेट करणे म्हणजे सगळा बोगदा खणणे!

मुलांनी हेच केले. त्या पायऱ्या वहीत उतरवून घ्या. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाईप करायच्या.

१) शेजारचे यंत्र पाहा. त्याच राऊटरवर दुसरा संगणक किंवा मोबाईल चालतो का? चालत असेल तर बाहेरची लाईन ठीक आहे.

२) स्वतःचा पत्ता पाहा. संगणकाला आयपी पत्ता मिळाला आहे का? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी तार आणि वायफाय तपासा.

३) राऊटरला हाक मारा. 'पिंग' आज्ञा देऊन राऊटरचा क्रमांक लिहा. पुष्कळ ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. उत्तर आले तर घरातली वाट मोकळी आहे.

४) बाहेरच्या क्रमांकाला हाक मारा. 'पिंग ८.८.८.८' लिहा. उत्तर आले तर इंटरनेट चालू आहे. (काही जाळ्यांत पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असते, म्हणून एका नकाराने निराश होऊ नये.)

५) आता नाव विचारा. 'एनएसलुकअप' आणि पुढे एखाद्या वेबसाईटचे नाव. चौथी पायरी पार होऊन पाचवी अडली, तर दोष नाव शोधण्यातच आहे. कुंडी सापडली!

६) तेच नाव दुसऱ्याला विचारा. त्याच आज्ञेत नावापुढे ८.८.८.८ लिहिले की प्रश्न थेट त्या सर्व्हरकडे जातो. तिथून उत्तर आले तर व्यवस्था ठीक आहे. आपला संगणक ज्याला विचारतो आहे, तिथे चूक आहे.

७) संगणक कोणाला विचारतो ते पाहा. युबंटूवर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस', विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' आणि पुढे तिरप्या रेघेनंतर 'ऑल'. 'डीएनएस सर्व्हर' समोर जो क्रमांक दिसेल, तो आपला वाटाड्या.

८) दुरुस्तीनंतर जुनी आठवण पुसा. संगणक जुनी उत्तरे लक्षात ठेवतो. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', तिरपी रेघ, 'फ्लशडीएनएस'. युबंटूवर 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस'.

एकच वेबसाईट अडत असेल तर 'होस्ट्स' नावाची फाईलही पाहावी. अर्पानेटच्या जुन्या यादीची ती वंशज आजही प्रत्येक संगणकात असते आणि तिच्यात कोणी काही लिहून ठेवले असेल तर संगणक सहसा आधी तेच खरे मानतो.

आमच्याकडे काय सापडले?

सहाव्या पायरीला उत्तर आले. सातव्या पायरीला सात संगणकांवर डीएनएस सर्व्हरची जागा कोरी निघाली! म्हणजे आमचा मुलगा नाक्यावर उभा, आणि विचारायला कोणी नाही.

असे का झाले? काही वर्षांपूर्वी कक्ष उभा करताना प्रत्येक संगणकाचा पत्ता हाताने भरला होता. पण डीएनएसचा क्रमांक सेटिंगच्या रकान्यात न भरता 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' नावाच्या एका फाईलमध्ये थेट लिहून ठेवला होता. युबंटूमध्ये ती फाईल प्रणाली स्वतः तयार करते आणि तिच्या डोक्यावर स्पष्ट सूचना असते, की हिच्यात हाताने बदल करू नका. सूचना इंग्रजीत होती, घाई होती, काम चालले. कोणी लक्ष दिले नाही. अपग्रेड करताना प्रणालीने ती फाईल पुन्हा आपल्या पद्धतीने मांडली. आता फाईलमध्ये १२७.०.०.५३ हा क्रमांक आला. तो पाहून घाबरू नये. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे संगणक स्वतः. त्याच्या आत बसलेला एक छोटा मदतनीस सगळ्यांचे प्रश्न घेतो आणि पुढे विचारतो. पण पुढे कोणाला विचारायचे, ते तो सेटिंगच्या रकान्यातून वाचतो. आणि रकाना तर आम्ही कधी भरलाच नव्हता.

तेव्हा दोष नव्या प्रणालीचा नव्हता. चुकीच्या जागी लिहिलेल्या आमच्या जुन्या उपायाचा होता. रकान्यात क्रमांक भरले, जोडणी बंद करून पुन्हा सुरू केली, आणि सातही संगणक चालू झाले. प्रत्येकी तीन मिनिटे लागली. अर्ज वेळेत गेले. आजींचा आवाज जागच्या जागी राहिला.

चालू होता, तोच बिघडलेला होता

इथे पाठ संपला असे मला वाटले होते. पण एका मुलाने विचारले, "सर, मग आठवा कसा काय चालू होता?"

खरे सांगतो, हा प्रश्न मला सुचला नव्हता. चालू यंत्राकडे कोण पाहतो? आम्ही पाहिले. आठव्या संगणकाचे सेटिंग 'आपोआप' असे होते. त्यामुळे हाताने लिहिलेली फाईल गेल्यावर त्याने राऊटर जो सर्व्हर सांगेल त्याला विचारायला सुरुवात केली. वेबसाईट उघडत होत्या, सगळे आनंदी.

पण आपल्या शाळेत तो क्रमांक हाताने का लिहिला होता? कारण तो साधा सर्व्हर नव्हता. क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.३ हा सर्व्हर २०२० मध्ये कुटुंबांसाठी सुरू झाला. मुलांनी पाहू नयेत अशा अश्लील वेबसाईट आणि फसव्या, विषाणू पसरवणाऱ्या वेबसाईट यांचा पत्ता तो सांगतच नाही; विचारले तर ०.०.०.० असे उत्तर देतो. आपण पालकसभेत 'शाळेत गाळणी लावली आहे' असे सांगितले होते, ती गाळणी हीच. आठव्या संगणकावरून ती निघून गेली होती आणि कोणतीही घंटा वाजली नाही, कोणताही लाल दिवा लागला नाही.

सात संगणक बंद पडले, म्हणून आम्हाला कळले. आठवा 'चालत' राहिला, म्हणून तोच खरा धोक्याचा होता. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला मोठा धडा हाच. काम चालू झाले म्हणजे काम बरोबर झाले, असे नाही. अपग्रेडनंतर 'इंटरनेट चालते का?' हा अर्धा प्रश्न आहे. 'आपला संगणक आता कोणाला विचारतो?' हा पुरा प्रश्न आहे.

पालकांसाठी

विंडोज १० ची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे संपली. त्यामुळे अनेक घरांत विंडोज ११ घेतले गेले असेल. घरी मुलांसाठी आपण अशी गाळणी लावली असेल, तर अपग्रेडनंतर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा रकाना एकदा अवश्य पाहा.

मोबाईलमध्येही ही जागा आहे. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' नावाचे सेटिंग असते. तिथे एका अक्षराची चूक झाली तरी फोनवर काहीच उघडत नाही आणि आपण सिमकार्ड विकणाऱ्याकडे भांडायला जातो! काही ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' असते. ते चालू असेल तर ब्राउझर संगणकाला वगळून स्वतःच्या ठरलेल्या सर्व्हरला विचारू शकतो, म्हणजे गाळणी बाजूलाच राहते.

आणि एक मोकळेपणाने सांगतो. कोणतीही गाळणी पुरी नसते. दुसऱ्या फोनचा इंटरनेट जोडला की ती संपली. मुलाशी रोज दहा मिनिटे बोलणे, याला पर्यायी सेटिंग अजून निघालेले नाही.

विश्वस्तांना विनंती

ध्वनिमुद्रणांची एक प्रत आता वेगळ्या डिस्कवर काढली आहे. दुसरी डिस्क शाळेबाहेर, कपाटात कुलपात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कक्षासाठी एक जाड नोंदवहीही केली आहे. कोणत्या संगणकावर कोणते सेटिंग, कोणी, कोणत्या तारखेला आणि का केले, हे तिच्यात लिहिले जाईल. त्यातला 'का' सर्वांत महत्त्वाचा. गाळणीचे कारण कुठेच लिहिलेले नव्हते, म्हणून ती गेल्याचे आम्हाला उशिरा कळले.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१) क्रमांकाला उत्तर येते पण नावाला येत नाही, बिघाड कोणत्या पायरीवर आहे?
२) १२७.०.०.५३ हा पत्ता कोणाचा? तो दिसला म्हणजे चूकच आहे का? कारण द्या.
३) मोठ्यांच्या परवानगीने घरच्या एका यंत्राचा डीएनएस सर्व्हर शोधून वहीत लिहा. तो तिथे कोणी आणि का भरला, ते विचारा.
४) आठवा संगणक 'चालू' असूनही बिघडलेला होता. असे दुसरे एखादे उदाहरण घरातून किंवा गावातून शोधून पाच ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तम उत्तरे पुढच्या अंकात छापू. ज्या मुलाने आठव्या संगणकाबद्दल विचारले, त्याला मी कक्षाची नोंदवही सांभाळायला दिली आहे. पहिल्या पानावर त्याने स्वतःच लिहिले आहे: 'जे चालू आहे, तेही तपासणे.'



आपला,
प्राचार्य